निळी राहिलेली कमान

अंबड, नाशिक
२ सप्टेंबर २००३

प्रिय किशोरदादा,

शेजारी फोन असताना ही बया पत्र कसलं लिहिते, म्हणून हसशील. पण फोनवर तू 'बरं हाय, लय बरं हाय' एवढं बोलून ठेवून देतोस, मग काय करू?

कंपनीत मला कॉम्प्युटरवर डिझाइन काढायला बसवलंय. भारी गंमत आहे! काम संपल्यावर मी आपल्या द्राक्षछाटणीच्या कात्रीची मूठ काढत होते. बोटं बसतात ती कमान, आणि तिच्यातून निघून पात्यांकडे जाणारी सरळ रेघ. सगळ्याला मापं देऊन टाकली. मग कमान जरा रुंद केली, तर रेघ जागच्या जागी आणि मध्ये हे एवढं टोक! तळवाच सोलला असता. आमचे रंगनाथ सर मागून म्हणाले, "मापाचं नंतर बघ गं. आधी कोण कोणाला कसं टेकलंय ते सांग त्याला." तेव्हा कळलं, रेघेला 'टॅन्जंट' अशी अट घालता येते. कमानीला नुसतं चाटून जायचं, कोपरा करायचा नाही. आता कमान कितीही ओढा, रेघ मुकाट सरकते, पण साथ सोडत नाही. मी कितीतरी वेळ नुसती ओढून बघत बसले.

आठवतं, निफाडच्या बाजाराला जाताना तू वर्तमानपत्रावर माझा पाय ठेवून पेन्सिल फिरवायचास? मला गुदगुल्या व्हायच्या, आणि हलले की तू टपली मारायचास. चप्पल मात्र कधी चावली नाही.

यंदा छाटणीला जाणार नाहीस, असं आई म्हणाली. कडबा-कुट्टीच्या मशीननं उजव्या हाताची दोन बोटं नेली तेव्हापासून तो हात तू खिशातच ठेवतोस, मलासुद्धा दाखवत नाहीस. राग येतो दादा, रडूही येतं. वेलीवरचा फुटणारा डोळा ओळखून काडी कापणारा माणूस घरात बसून राहणार? कात्रीची मूठ चार बोटांचीच हवी, ही काय काळ्या दगडावरची रेघ आहे?

तुझ्या हाताला बसेल अशा मुठीचा नमुना बनवून द्यायला सर तयार आहेत. या कॉम्प्युटरवर रेघ आधी निळी असते, सगळं पक्कं ठरलं की काळी होते. माझी बोटांची कमान तेवढी अजून निळी आहे. माझ्या हातावरून काढली तर ती माझीच होईल. म्हणून सोबत कोरा कागद घातलाय. त्यावर उजवा हात ठेव आणि आईला पेन्सिल फिरवू दे. आहे तसा ठेव, दादा. गुदगुल्या झाल्या तरी हलू नकोस.

तुझीच,
मैना