दुकानाचं वेबपेज उघडलं

वैजयंती वहिनी,

आपल्या बियाण्याच्या दुकानाचं वेबपेज आता नीट उघडतंय. तुमच्या लिहिण्यात एकही चूक नव्हती. मी दोनदा शोधली. तुम्ही फाईलला dukan.html असंच नाव दिलं होतं, पण नोटपॅडने त्यापुढे गुपचूप .txt चिकटवलं. म्हणून पेजच्या जागी नुसता कोड दिसत होता. पुढच्या वेळी सेव्ह करताना नावाखालच्या रकान्यात ‘ऑल फाइल्स’ निवडा.

सकाळी मी बघू का म्हटलं, तर दादा म्हणाला, "वैजू करायलीय की, तू कशाला मधी पडायलीस?" तुमचं लग्न व्हायच्या आधी मोबाईल अडला तरी तो मलाच हाक मारायचा. माझी बीएस्सी तेव्हाही होती, आताही आहे.

दुपारी तो ताडकळसच्या व्यापाऱ्यांना पेज दाखवणार आहे. खरं सांगते, तसंच ठेवून निघावं असं वाटलं होतं. पण फाईल का उघडत नाही हे कळल्याशिवाय माझा पाय घरातून निघेना.

पिठलं झाकून ठेवलंय. पेजला मी हात लावला हे दादाला सांगू नका.

नाही, सांगा. व्यापाऱ्यांच्या देखत सांगा.

अनुपमा