मधल्या सुट्टीतली तहान

प्रिय भिंगरी,

तुला लिहायचं म्हणून कागद कितीदा पुढ्यात घेतला ते विचारूच नकोस. एकदा पेन सापडेना. एकदा सापडलं, तर मी त्यानं केसांचा अंबाडा अडकवला आणि मग तेच पेन सगळ्या खोलीभर शोधत फिरले. काल 'प्रिय' एवढं लिहून झालं होतं, तेवढ्यात खिडकीबाहेरच्या पत्र्यावर दोन मांजरं हातघाईवर आली. त्यांचा निकाल लागेपर्यंत बघणं भागच होतं. पण या सगळ्या सबबी आहेत, हे तुला कळतंच. तू विचारलंस तेच अवघड आहे. चौथीतल्या मुलीनं 'ताई, मी थेट सहावीत जाऊ का' म्हणून विचारावं, आणि तेही जिनं स्वतःची शाळा धड पुरी केली नाही तिला, हे आपल्याच घरात व्हायचं. फोनवर सांगितलं असतं, पण फोन आईचा. तू तो कानाला लावलास की ती नेमकी तुझ्या शेजारी येऊन कपड्यांच्या घड्या घालत बसते. म्हणून पत्र, आणि तेही आज कामावरच बसून.

घड्यांवरून आठवलं. मी आता एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत आहे. बुकबाइंडिंगचं काम सोडलं, हे तुला सांगितलं होतं का? नसेल तर आता कळलं. लाँड्री तळघरात आहे. भिंती कायम ओलसर, आणि यंत्रं सुरू झाली की बोलायचं ते ओठ वाचून. पाहुण्यांच्या खिशातून काय काय निघतं म्हणून सांगू: किल्ल्या, बटणं, चुरगळलेली तिकिटं, आणि एकदा तर चक्क अर्धी कवळी. ती आम्ही बरणीत ठेवली आहे. मालक यायची वाट बघतोय, पण लाजेनं तो काही यायचा नाही. माझं काम चादरींच्या घड्या घालायचं. मोठी चादर एकटीला आवरत नाही, दोघी लागतात. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला इथली एक मावशी. टोकं जुळवायची, ताणायची, एकमेकींकडे चालत जायचं, आणि पुन्हा मागे. मावशी सावकाश चालते, कारण तिचा एक गुडघा धड नाही आणि ती सतत जावेबद्दल काहीतरी सांगत असते. पहिल्या दिवशी मी इतक्या झपाट्यानं ओढलं की चादर तिच्या हातातून सुटून ओल्या फरशीवर पडली. ती म्हणाली, "अगं पळते, पुढची चादर काय पळून चाललीय?" तेव्हापासून इथे माझं नाव पळती.

'पुढची' हा शब्द ऐकून मी जरा थबकलेच. तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस, तुला माहीत नसणार. मी तुझ्याएवढी असताना बाई फळ्यावर गणित लिहायच्या आणि त्या खडू खाली ठेवायच्या आत माझं झालेलं असायचं. झालं? मग पुढचं घे. तेही झालं? मग पुढचं पान घे. पाटीवरचं संपलं, पुस्तक संपलं, मग पुढच्या वर्गाचं पुस्तक, आणि एक दिवस बाई म्हणाल्या की हिला आता पुढच्या वर्गातच बसवू, नाहीतर दोन वर्ग पुढे. बाबांनी ते गल्लीभर सांगितलं. आईनं कुणाला काही सांगितलं नाही. तिनं माझं दप्तर धुतलं, उन्हात वाळवलं आणि त्याचा तुटलेला बंद नव्यानं शिवून दिला. तिला कधी कुणी 'पुढचं घे' म्हटलं नव्हतं. तिची शाळा होती तिथेच थांबली. म्हणून तिच्यावर रागावणं मला कधी नीट जमलंच नाही.

वर्गात अडलं नाही. गणित तिथेही भराभर सुटायचं. अडायचं ते मधल्या सुट्टीत. नव्या वर्गातल्या मुली माझ्याहून डोकंभर उंच. त्यांचं काहीतरी कुजबुजणं चालायचं आणि मी गेले की थांबायचं. वाईट नव्हत्या गं. एक जण माझी वेणीही घालून द्यायची, बाहुलीची घालावी तशी. मग मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या जुन्या मैत्रिणींकडे जायचे. त्यांचा खेळ मांडलेला असायचा, गडी वाटून झालेले असायचे. त्या म्हणायच्या, तू आता मोठ्यांत ना? दोन्ही टोकांच्या बरोबर मध्ये पाण्याचा नळ होता. एकटं नुसतं उभं राहिलं की सगळे बघतात. पाणी पिणाऱ्याकडे कुणी बघत नाही. म्हणून मी पाणी प्यायचे. पोट टम्म होईपर्यंत प्यायचे, मग तोंड धुवायचे, मग पुन्हा ओंजळ धरायचे. घंटा होईपर्यंत.

बाईंनी घरी निरोप पाठवला की मुलीला फार तहान लागते, तपासून घ्या. आई घाबरली. डॉक्टरांकडे नेलं, सुई टोचली, रक्त काढलं. काही निघालं नाही. आई दवाखान्याच्या पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत हसली. मला मात्र वाईट वाटलं. काहीतरी निघालं असतं, तर निदान त्याला नाव तरी असतं.

विषय कुठल्या कुठे गेला. सांगत होते सहावीचं. हुशार मुलांना काही वेगळं देऊ नये, असं मी म्हणत नाही. जे येतं तेच परत परत करत बसणं म्हणजे काय छळ असतो ते मला ठाऊक आहे. एक वर्ष आमच्याकडे गणिताचे एक सर होते. त्यांच्या शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. शनिवारी शाळा सुटली की ते वेगवेगळ्या वर्गांतली आम्ही चार-पाच चमत्कारिक मुलं गोळा करायचे आणि नकाशांच्या खोलीत बसवायचे. एक जण कशालाही कागद दुमडूनच उत्तर द्यायचा. एक मुलगी बोलायचीच नाही, पण कोडी अशी घालायची की सरसुद्धा डोकं खाजवायचे. माझं गणित सुटलं की मी विचारायचे, पुढचं? सर म्हणायचे, "पुढचं राहू दे. हेच दुसऱ्या वाटेनं सोडव, आणि ती वाट हिला पटवून दे." त्यात अख्खी दुपार जायची. आम्ही भांडायचो, खिदळायचो, एकमेकांची उत्तरं खोडायचो. त्या खोलीबाहेरही नळ होता. मी तिथे एकदाही पाणी प्यायले नाही, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. मग सरांची बदली झाली आणि त्या खोलीला कुलूप लागलं.

बाकीचं तुला माहीत आहे. मी शाळा सोडली तेव्हा घरात सगळे म्हणाले, हिच्या डोक्यात हवा गेली. तसंही म्हण हवं तर. पण मला एकच गोष्ट पक्की शिकवली गेली होती: झालं की पुढचं. बेकरीत भट्टी कळली, पुढचं. छापखान्यात यंत्र कळलं, पुढचं. गावं बदलली, खोल्या बदलल्या. माणसं कळायला मात्र वेळ लागतो, आणि तेवढी मी कुठे थांबलेच नाही. इथे रविवारी तळघर बंद असतं. त्या दिवशी मी बाजारातून उगाच दोन-दोन फेऱ्या मारते आणि ज्या टपरीवाल्याला काही विचारायचं नसतं, त्यालाही रस्ता विचारते. आई फोनवर विचारते, जेवलीस का. मी म्हणते, हो. ती म्हणते, बरं. शाळा सोडल्यापासून आमचं बोलणं एवढंच.

तू परवा फोनवर सगळं किती आनंदात सांगत होतीस. थोडे दिवस सहावीत बसवून बघतायत, अपूर्णांक सोपे आहेत, सगळे शाबास म्हणतात. आणि फोन ठेवता ठेवता सहज म्हणालीस, "ताई, हल्ली ना मला शाळेत खूप तहान लागते." भिंगरे, त्या दिवसापासून मला झोप नाही. हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहितेय. अपूर्णांक येतात की नाही, हे तुला कुणीही विचारेल. मी एवढंच विचारते की सुट्टीत तू कुठे उभी असतेस? तहान लागत असेल तर पी. लागत नसेल तर मला सांग, आईला सांग, बाईंना सांग. म्हण की मला कठीण गणितं द्या, हवी तेवढी द्या, पण माझ्या मैत्रिणींतून उठवू नका. म्हण की माझ्यासारखी आणखी कोण कोण आहेत ती शोधा आणि आम्हाला एका खोलीत बसवा. हे मागणं म्हणजे मागे पडणं नव्हे. मला तेव्हा हे सांगायला शब्द नव्हते, तुला

जरा थांब, मावशी जिन्यावरून हाका मारतेय, कुणीतरी आलंय म्हणते.

भिंगरी, आई आली आहे. आपली आई, जी बाजाराच्या पलीकडे कधी एकटी गेली नाही. रात्रभर बसमध्ये बसून, पत्ता चार जणांना विचारत इथवर आली. तू शेजारच्या काकूंकडे आहेस म्हणे, आणि तुला तिनं सांगितलंय की लग्नाला चालले. ती आत आली, यंत्रांकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. जेवलीस का, हे विचारलंच नाही. म्हणाली, "बाई सांगत होत्या, धाकटी सुट्टीभर नळापाशी असते." मग म्हणाली, "तुला तेव्हा तहान नव्हती लागत, होय ना गं?" मी मान डोलावली. एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मावशी कुठे गायब झाली कोण जाणे. आईनं पिशवी खाली ठेवली आणि टेबलावरच्या चादरीचं एक टोक उचललं. ती टोक धरून उभी आहे आणि माझं हे लिहून व्हायची वाट बघतेय. बाकीचं घरी येऊन सांगते. एकटीला तिला ती घडी घालता यायची नाही.

तुझीच,
ताई