प्रूफ संच

३ नोव्हेंबर
आला! टांकसाळीचा संच. आमच्या श्यामसुंदरांचा चेहरा असा, जणू जावई आलेत. बँकेतून निवृत्त झाले तरी पैशाची हौस फिटत नाही. निळी मखमल, खाचांत नाणी, प्रत्येक नाणं डबीत. हात लावायचा नाही. श्वाससुद्धा सोडायचा नाही म्हणे! वीस रुपयांची चिल्लर आणि हातमोजे!

वर छापलंय — प्रूफ. मी मोठ्याने हसले. पुस्तकांची प्रूफं आम्ही लेखक तपासून रद्दीत टाकतो!

"मंदा, नाण्यात प्रूफ म्हणजे सर्वांत उत्तम. ठसे घासून आरशासारखे करतात, एकापेक्षा जास्त वेळा दाब देतात. बघ तरी."

बघितलं. माझंच नाक दिसलं.

४ नोव्हेंबर
नाणेसंग्राहकांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन मी करायचं! ह्यांनीच माझं नाव सुचवलं. बरे सापडले तावडीत.

८ नोव्हेंबर
नारायण पेठेतलं सभागृह गच्च. मी कडाडले! "बाजारात जात नाही ते नाणं नव्हे, बिल्ला! सरकारने चलन काढायचं की खेळणी?" मग प्रूफचा विनोद, रद्दीसकट. खरा अर्थ ठाऊक होता. पण हशा काय मिळाला! शेवटी पहिल्या रांगेकडे बोट — "आमच्याही घरी एक पहारेकरी आहेत!" सगळ्यांनी वळून पाहिलं.

श्यामसुंदर टाळ्या वाजवत होते. सावकाश.

९ नोव्हेंबर
बोलत नाहीत. रुसवा! या वयात! उतरेल.

१० नोव्हेंबर
सकाळी हे मंडईतून आले. पिशवीत कोथिंबीर आणि आलं. ओट्यावर ठेवलं.

"चाललं," म्हणाले.

"काय चाललं?"

"दहाचं नाणं. भाजीवाल्या कांताबाई आधी घेईनात. 'काका, लईच चकचकतंय, खोटं असंल.' मग हातात चोळून बघितलं आणि टाकलं गोणपाटाखाली."

म्हटलं, नाटकं पुरे. उठून संच उघडला. दहाची खाच रिकामी.

"अहो, संच मोडलात?"

"बिल्ला होता ना? आता नाणं झालं."

चहा केला. त्यांचा कप तसाच राहिला.

११ नोव्हेंबर
कोथिंबीर अजून निवडली नाही.

१२ नोव्हेंबर
मीच मंडईत गेले. कांताबाईंनी सगळी चिल्लर ओतली. सापडलं — ओरखडे, कडेला चिखल. रुमालात बांधून घाईघाईने घरी आणलं, त्यांच्यापुढे धरलं.

श्यामसुंदरांनी भिंगसुद्धा उचललं नाही.

"हे आता तुझं," म्हणाले. "खर्च कर."