थापाडेमामाच्या चेहऱ्याचा वारस

मी, केशव दत्तात्रय मांडाखळीकर, वय ७२, राहणार छत्रपती संभाजीनगर, व्यवसाय व्यंगचित्रकार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही, असे लिहिण्याची रीत आहे. माझ्यावर दबाव आहे. मुलगा विश्वजित शेजारच्या खोलीत वर्तमानपत्राचा करार घेऊन बसला आहे. उद्या सकाळी आठला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. माझ्यामागे 'थापाडेमामा' ही रोजची चित्रपट्टी दुसऱ्या चित्रकाराकडून काढवून घेण्याच्या परवानगीवर त्याला आजच माझी सही हवी आहे.

१. राहते घर व ठेवी विश्वजितला.

२. निब, ब्रश आणि तिरके टेबल नात स्वरालीला. शाईच्या बाटलीचे झाकण घट्ट लावत जा, बाळा.

३. संपादकांना काही नाही. त्यांनी एकही मूळ चित्र कधी परत केले नाही.

४. थापाडेमामाचा हक्क कागदोपत्री माझा आहे, चेहरा नाही. तो क्रांती चौकामागे सायकली दुरुस्त करणाऱ्या गोकुळ सोनवणे यांचा. १९९६ साली पंक्चर निघेपर्यंत मी त्यांचे वाकडे नाक, तुटकी भुवई आणि कानामागची विडी कागदावर उतरवली. विचारले नाही. चौक त्यांना थापाड्या म्हणू लागला. पुढे सोयगावच्या शेताच्या बांधाचा त्यांचा दावा चालू असताना समोरच्या वकिलाने माझी पट्टी उंच धरली. लोक हसले, गोकुळ जबानीत अडखळले, बांध गेला. त्या आठवड्यात मला विषय सुचत नव्हता आणि वर्तमानपत्राचे पान माझ्या पट्टीसाठी थांबले होते. मी पट्टीत तीच सुनावणी काढली.

गेल्या सोमवारी माफी मागायला गेलो, शस्त्रक्रियेचे आणि कराराचेही सांगितले. गोकुळ चाक फिरवत म्हणाले, "लई उशीर केला, साहेब. पोरीला सासरी बी थापाड्याची म्हणत्यात. आता तुमी गेल्यावर दुसरा कुणी माझं थोबाड काढणार, व्हय ना?"

मी मान हलवली.

"तेवढं नाय म्हणाय जमतंय का बघा."

म्हणून थापाडेमामाचे सर्व हक्क आणि कपाटातल्या बावीस न छापलेल्या पट्ट्या गोकुळ सोनवणे यांना. छापायच्या की जाळायच्या, ते ठरवतील. उद्या वाचलो, तर पट्टी मीच बंद करीन.

विश्वजित आत्ताच आत आला. उभ्यानेच हे वाचले.

"बाबा, मग मी कुणाच्या जिवावर शिकलो?"

"गोकुळच्या."

त्याने करार घडी करून खिशात ठेवला आणि सहीसाठी आणलेले पेन माझ्यापुढे ठेवले. त्याच पेनने खाली सही करतो.

केशव द. मांडाखळीकर

आम्हां दोघांसमक्ष सही झाली:
१. रत्नमाला वैद्य, शेजारी
२. प्रणय कुलकर्णी, डॉक्टर

छत्रपती संभाजीनगर, १२ जानेवारी २०२५