खेळातल्या आईचं पाचवं वाक्य

दि. १० फेब्रुवारी

चि. खोडरबर हिस,
अनेक आशीर्वाद.

सोबतच्या खोक्यात तळहातावर मावेल असं एक यंत्र आहे आणि त्यात माझा खेळ आहे. गेली काही वर्षं मी काय करतो असं मावशी विचारायची, ते हे. यात आपण एका मुलाचं किंवा मुलीचं रूप घ्यायचं, आटलेल्या नदीच्या काठानं उगमापर्यंत चालत जायचं, वाटेत माणसं जोडायची, लढाया करायच्या आणि हळूहळू शहाणं व्हायचं. खेळाचं नाव ‘उगमाकडे’.

टायरच्या दुकानावरच्या आमच्या कचेरीच्या दोन खोल्यांत सगळे ‘मस्त झालाय’ म्हणतात. त्याचा मला उपयोग नाही. पुढच्या महिन्याच्या अखेरीस खेळ विक्रीला जाईल आणि मग त्यात काही बदलता येणार नाही. तू लहानपणी एक अक्षर चुकलं तर कागद फाटेपर्यंत खोडायचीस, म्हणून हे काम तुझ्याकडे. आई आपल्या वह्या तपासायची तसं तपास, आधी गुण, मग दोष. आणि लिहूनच कळव. फोनवर तू ‘छान आहे रे’ म्हणून सुटशील.

नकाशा-दुरुस्तीच्या कार्यशाळेतली तुझी जागा भरली म्हणालीस, त्याचं वाईट वाटलं. पुढच्या वर्षी बघू. आईचा श्वास कसा आहे ते खरं लिही.

माझ्यावरचा लोभ हे तपासून झाल्यावरही शिल्लक ठेव.

तुझा,
दादा


दि. २३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईचा श्वास आहे तसाच आहे. जिना आता तिला जमत नाही. श्वासाच्या यंत्राची घरघर सारखी चालू असते, त्यामुळे तुझ्या खेळातलं संगीत मला कानाशी धरून ऐकावं लागलं. तेवढी सूट दे.

मी खेळ रोज दुपारी, आई झोपली की खेळले. घाईनं मत द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

गुण. खेळातली खोली फार खरी झाली आहे. शिवणयंत्रावरचं कापड, त्याखाली पडलेली दोऱ्याची रिळं, पडद्यातून येणारं ऊन भिंतीवरून सरकत जातं ते. ही आपल्या आईची खोली आहे हे मी लगेच ओळखलं. बाबांच्या पुलांच्या कामांपायी आपण इतकी गावं बदलली, पण कापड बेतायचं ते टेबल प्रत्येक घरात खिडकीपाशीच असायचं, आणि तीच आपली शाळा. तू ते विसरला नाहीस. किटलीची वाफसुद्धा सुरेख.

आता दोष. रागावू नकोस. खेळ फारच लहान आहे. खोक्यावर लढाया, डोंगर आणि नावाडी यांची चित्रं आहेत, मला त्यातलं काहीच भेटलं नाही. अक्षरं बारीक आहेत. आणि मुख्य म्हणजे खेळातली आजारी आई चारच वाक्यं बोलते. ‘आलीस?’, ‘खिडकी थोडी उघड’, ‘पाणी भरून ठेवलंस का?’ आणि ‘माझी काळजी करू नको’. बोलायचं बटण दाबलं की हीच चार, पुन्हा पहिल्यापासून. कधीतरी पाचवं येईल म्हणून मी कितीतरी वेळा दाबलं. आलं नाही. आजारी माणसाच्या तोंडी इतकं कमी देणं मला बरं वाटलं नाही.

दाराशी गेलं की ‘बाहेर जायचं का?’ असा प्रश्न येतो. मी दर वेळी ‘नाही’ म्हटलं, कारण वैद्य सुरुवातीलाच सांगून जातो की तिचा श्वास कमजोर आहे. अशा वेळी बाहेर कोण जाईल?

माझं काही चुकलं असेल तर तसं स्पष्ट लिही. मला रात्रंदिवस टोचत राहण्यापेक्षा ते बरं.

तुझ्या लोभाची सवय झालेली,
खोडरबर


दि. ३ मार्च

चि. खोडरबर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी इथे मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे आधी हसले. मग आमच्यात चित्रं काढणारी जी मुलगी आहे, ती म्हणाली की पुन्हा वाचा, आणि मग कुणी हसलं नाही.

अगं वेडे, ती खोली म्हणजे खेळ नव्हे. खेळ दाराबाहेर आहे. लढाया, नावाडी, डोंगर, सगळं तिथे. किती जणांनी हा खेळ तपासला, पण प्रत्येकानं आईशी एकदा बोलून दार गाठलं. कुणी दोनदा बोललं असेल. ती चारच वाक्यं बोलते हे आम्हालाही आठवत नव्हतं. कुणी त्या खोलीत राहील, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

माझ्या डोक्यात तर नाहीच आलं. मी घरातून बाहेर पडलेला माणूस आहे. मी लिहिलेल्या खेळातला माणूसही पहिल्याच मिनिटाला बाहेर पडतो.

तू विचारायच्या आधी सांगतो. तू बाहेर गेलीस म्हणून त्या आईला काही होत नाही. उगमाशी जाऊन परत आलं की ती बरी होऊन खिडकीत उभी असते. तेव्हा एकदा ‘हो’ म्हण आणि बाहेर पड.

इथे वारा फार सुटला आहे. पत्रं उडू नयेत म्हणून वर तुझंच जुनं खोडरबर ठेवलंय.

रागावलो नाही. लोभ होता त्याहून जरा वाढलाच आहे.

दादा


दि. ११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाहेर गेले नाही.

तू सांगितलंस की ती बरी होऊन खिडकीत उभी राहते. दादा, हा तुझ्या खेळातला सगळ्यात मोठा दोष आहे. हे खरं नाही. तू लांब असतोस, म्हणून तुला ती परतल्यावर खिडकीत हवी आहे. मी तिला रोज खिडकीपर्यंत नेते. टेबलापाशी थांबावं लागतं, मग खुर्चीपाशी. आपण जाऊन आल्यानं घरातलं आजारी माणूस बरं होतं असं लोकांना सांगू नकोस. जे जात नाहीत त्यांना ते लागतं.

हे लिहून मी दोन कागद फाडले, तरी तेच लिहावंसं वाटलं. कठोर झालं असेल तर माफ कर, पण तपासायला तूच सांगितलं होतंस.

आई विचारते की एवढं काय लिहिते. मी म्हटलं, दादाच्या वहीवर शेरे.

लोभ कमी झाला तरी समजून घेईन.

खोडरबर


दि. १४ मार्च

चि. मुलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर वाकडं येतंय, कारण पाठीमागे उशी घेऊन लिहिते आहे. हे पत्र मावशीच्या हाती टाकायला दिलंय, तुझ्या बहिणीला माहीत नाही.

ती बाजारात गेली तेव्हा तुझं यंत्र मी घेतलं. चष्म्यावर भिंग धरून खेळले. पहिल्यांदाच दारापाशी गेले आणि ‘हो’ म्हटलं. मला जिना उतरून किती महिने झाले, तुला माहीत आहे. नदीकाठची ती वाट, पायाखालचे गोटे, तो बडबड्या नावाडी. मी एक लढाई हरले. हरलेला माणूस मरत नाही, वाटेच्या कडेला बसून दम खातो आणि पुन्हा उठतो, हे मला फार आवडलं. हा गुण.

दोष असा की खेळातली आई मठ्ठ आहे. मूल समोर बसून राहिलंय आणि ही आपली पाणी भरलंस का विचारते. मी असते तर केव्हाच हाकललं असतं. आणि असते तर काय, आहेच की. पण मला जमत नाहीये, म्हणून तुला लिहिते.

कार्यशाळेतली जागा भरलेली नाही. तिथल्या मुख्य बाईंचा फोन आला तेव्हा ही आंघोळीला गेली होती, मी उचलला. बाई म्हणाल्या, तुमच्या मुलीनं नकार कळवलाय, पण तिच्या हातासारखा हात दुसरा आला नाही, महिनाअखेरीपर्यंत वाट बघू. मी हिला विचारलं तर म्हणते, तुला सोडून गेले आणि मागे काही झालं तर? होणारच आहे. ती इथे असली तरी होणार आहे. हे तिला माझ्या तोंडून ऐकवत नाही, ती लगेच औषध आणायला उठते.

सोबतच्या चिठ्ठीवर पाचवं वाक्य लिहून दिलंय. जो कुणी खोलीत बसून राहील, त्यालाच ते ऐकू येऊ दे. बाकीच्यांना गरज नाही. शेवटाचं बहिणीचं ऐक; तिनं फाडलेले कागद मी वाचलेत, तिचं म्हणणं बरोबर आहे.

तिला मी या आठवड्यात घालवते. मावशी राहायला येतेय. तुला मी नेहमी कमी मार्क दिले, या वेळी देणार नाही.

माझी माया धर,
आई


दि. ९ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कार्यशाळेत रुजू झाले. आईनं माझी पेटी स्वतः बसून भरली आणि भांडून मला बाहेर काढलं. मी रडले तर म्हणाली, रडायचं ते गाडीत बसून रड, इथे कापड ओलं होतंय.

इथे लांब टेबलं आहेत आणि सगळे कुजबुजत बोलतात. फाटलेल्या नकाशाला मागून पातळ कागद लावायचा, तो सुकेपर्यंत हात लावायचा नाही. मला हात न लावणंच जमत नाही. मुख्य बाई म्हणतात, थांबणं हेही काम आहे.

रोज संध्याकाळी आईला फोन करते. ती म्हणते, काल जे विचारलंस त्याचं उत्तर आजही तेच. मागून यंत्राची घरघर ऐकू आली की मला बरं वाटतं. खेळ तिच्यापाशीच ठेवलाय. सध्या ती डोंगराच्या पायथ्याशी आहे म्हणे.

तुझा लोभ इथल्या पत्त्यावरही पोचू दे.

खोडरबर


दि. २० जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईचे दिवस होऊन गेल्यावर तू परत गेलास आणि मीही. घरी आपण फारसं बोललो नाही, म्हणून हे लिहिते.

फोन आला तेव्हा माझे हात कागद चिकटवायच्या खळीत होते. पोचले तेव्हा सगळं झालं होतं. ज्याला भीत होते तेच झालं, मी तिथे नव्हते. मावशी म्हणाली की ती यंत्र छातीवर ठेवून पडली होती आणि नावाडी पुन्हा तोच विनोद सांगतोय म्हणून कुरकुरत होती. मग डोळा लागला.

तू पाठवलेला नवा, विक्रीला गेलेला खेळ मी गेल्या रविवारी उघडला. तुझं तपासायचं काम माझ्याकडे अजून बाकी होतं. या वेळी आईची पद्धत मोडते, आधी दोष लिहिते.

अक्षरं अजून बारीकच आहेत. पिशवीत फार कमी मावतं. पुलावरची लढाई लांबते, आणि ती जिंकल्यावर जे मिळतं ते आधीच दुकानात मिळतं. नावाड्याचा विनोद खरंच एकदा पुरे. उगमापाशी संगीत एकदम संपतं, ते हळूहळू संपायला हवं होतं.

आता गुण. मी पहिल्या खोलीतच बसले, सवयीनं. चार वाक्यं झाली, पुन्हा चार झाली. मी दाबत राहिले. मग ती म्हणाली, ‘बाळा, तू इथे बसलीस म्हणून माझा श्वास वाढत नाही. जा. दार मी लोटून घेते.’

हे वाक्य आपल्या आईचंच, मी ओळखलं; तिनं ते दिल्याचं तू मला सांगितलं नव्हतंस. बरं केलंस. त्यानंतर बटण दाबलं तरी ती काही बोलली नाही, खिडकीकडे बघत राहिली. मी दारापाशी गेले आणि ‘हो’ म्हटलं.

उगमापर्यंत जाऊन आले, सगळ्या लढायांसकट. परत आले तेव्हा खिडकीत कुणी नव्हतं. पलंग आवरलेला, शिवणयंत्रावर कापड तसंच. मी सांगितलं म्हणून तू शेवट बदललास, आणि तसा बदलणं तुला किती जड गेलं असेल ते मला आता कळतं.

पण एक गोष्ट मी सांगितली नव्हती, ती तू आपणहून केलीस. परत येताना मला वाटलं, आता कुलूप असेल. दार नुसतं लोटलेलं होतं. हात लावताच उघडलं.

या ओळीत मी काही खोडलं नाही.

लोभ आहे, आणि आता आपल्या दोघांनाच तो पुरवून वापरायचा आहे.

तुझी,
खोडरबर