विंचूरच्या बाजारात मांडलेली शिवारं

अण्णा, नाशिकचे डोंगर आणि माळरानं पहिल्यांदा कॅमेऱ्यात धरणारा माणूस म्हणून आता कॉलेजातली मुलं तुमचे फोटो अभ्यासतात. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. नव्वदच्या दशकात तुम्ही सगळ्यांसाठी लग्नाचे फोटोवाले होतात. रविवारी स्टुडिओला कुलूप लावून मला स्कूटरवर मागे बसवलंत की आई म्हणायची, "निघाले दगडांची लग्नं लावायला!"

शहरातलं तुमचं पहिलं प्रदर्शन मला आठवतं. तीन दिवसांत नातेवाईक तेवढे आले, चिवडा खाऊन गेले. एक गृहस्थ म्हणाले, "छान आहेत हो, पण माणसं कुठंयत?" घरी येऊन तुम्ही सगळ्या फ्रेमा भिंतीकडे तोंड करून ठेवल्यात. चार दिवस त्यांना हात लावला नाहीत. मला वाटलं, संपलं आता. पाचव्या दिवशी सकाळी टेम्पो दारात. "चल, विंचूरला. ज्यांची जमीन आहे त्यांना तरी दाखवू."

कांद्याच्या लिलावाला अजून वेळ आहे. तुम्ही गोण्यांना टेकवून एकेक फ्रेम उभी करताय आणि दहावीतली मी लाजेने टेम्पोआड उभी. तेवढ्यात एक बाई गर्दीतून पुढे येते. "अगं बया, हे तर आपलं शिवार हाय! अहो, इकडं या!" नवरा येतो, वाकून बघतो, मान हलवतो. "नाय. आपलं येवढं देखणं कुठं हाय?"

"तुमचंच आहे," तुम्ही म्हणता. "समोरच्या टेकडीवरून कधी बघितलं नसेल."

मग काय, झुंबड! डोंगर कोणत्या गावचा यावरून दोघं भांडायला लागले. लिलाव पुकारणारा स्वतःच आपली विहीर शोधत होता. तुम्ही तो फोटो त्या बाईला देऊन टाकलात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तिने तो रस्त्याकडे तोंड करून धरला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. त्यानंतर चांदवड, निफाडहून गावोगावची बोलावणी आली आणि शेवटपर्यंत तुमचा एकही रविवार रिकामा गेला नाही.

आज त्यातल्या कित्येक टेकड्यांवर द्राक्षबागा चढल्यात, बंगले उठलेत. जुनी जमीन बघायला मुलं माझ्याकडे तुमच्या निगेटिव्ह मागायला येतात.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून कबूल करते. विंचूरला कोणता फोटो सर्वांत सुंदर होता, असं मुलं विचारतात आणि मी काहीतरी ठोकून देते. खरं तर त्या दिवशी मी एकही फोटो पाहिला नाही, अण्णा. तुम्ही इतके खूश होतात की मी तुमच्याकडेच बघत राहिले.