आबांची डावी बाजू

प्रिय विधी,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस हे मला दिसतं, पण उत्तर येत नाही, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. दुकानाच्या पत्त्यावर पाठवलं तर तुझे बाबा, आमचे भिकमचंदकाका, आधी उघडतील, म्हणून रिद्धीताईच्या नावानं घरी पाठवते आहे. तिला मी तसं सांगून ठेवलंय. तिच्यावर रागावू नकोस. वाचावंसं वाटलं नाही तर बाजूला ठेव, पण फाडू नकोस.

धुळ्यात ऊन इतकं आहे की ओपीडीतल्या कूलरसमोरच्या खुर्चीसाठी पेशंट आणि आम्ही इंटर्न सारखेच लबाड झालो आहोत. गरम मेणाचा शेक घ्यायला कोणी तयार नाही, त्यामुळे मेणाचं भांडं कोपऱ्यात झाकून ठेवलंय. माझी इंटर्नशिप जूनअखेर संपेल. होस्टेलच्या खोलीत तुझी कॉट अजून रिकामीच आहे. तिच्यावर मी कपडे टाकते, आणि तू असतीस तर काय बोलली असतीस ते मनातल्या मनात ऐकून घेते.

आपण दोघी मेसच्या पायरीवर बसून किती बेत करायचो. मी कबड्डीच्या संघाबरोबर देशभर फिरणार होते आणि तू जळगावात पॅरालिसिसच्या पेशंटसाठी स्वतःचं सेंटर काढणार होतीस. माझं म्हणणं असायचं की खेळाडू लवकर बरे होतात, मग आपल्यालाही लवकर बरं वाटतं. तू म्हणायचीस, मला हळूहळू बरी होणारी माणसं आवडतात. तेव्हा मला ते तुझं जरा पुस्तकी वाटायचं.

मार्चमध्ये चाळीसगावला मुलींच्या कबड्डी शिबिरात मला पाठवलं होतं. माझं स्वप्नच होतं ते. पहिले दोन-तीन दिवस घोट्यांना टेप लावत, पोटऱ्या मोकळ्या करत मी हवेत होते. मग किरण नावाच्या मुलीचा गुडघा उडीनंतर पाय टेकताना मुरगळला. सूज फार नव्हती, पण हातानं तपासताना सांधा मला सैल वाटला. दुसऱ्या दिवशी सामना. प्रशिक्षक म्हणाले, टेप लावा आणि सोडा, तुम्ही अजून शिकताय. किरण स्वतः रडून विनवत होती, ताई, फक्त उद्याचा दिवस. मी नाही म्हणाले. संघ हरला आणि निघताना ती माझ्याशी बोलली नाही. मी बरोबर होते की नाही ते मला अजूनही माहीत नाही, कारण तिचा एमआरआय कोणी काढलाच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की दुसऱ्याचा पाय आपल्या हातात असताना हो किंवा नाही म्हणणं किती अवघड असतं. तेव्हा तू फार आठवलीस.

त्या शिबिरात आलेल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला जुलैपासून ये म्हणून विचारलंय. मी हो म्हणणार आहे. तिथं काम करत पदव्युत्तर प्रवेशाचा अभ्यास करीन. खेळाडू किती येतील कोण जाणे, कंबर आणि मान धरलेले दुकानदारच जास्त येतील. सोनगीरला आईनं गल्लीभर सांगून टाकलंय. नाना मात्र अजून विचारतात, म्हणजे तू नक्की कशाची डॉक्टर?

आता ज्या गोष्टीला मी बगल देते आहे तिच्याकडे येते. जानेवारीत भाईदास आबा तुझ्याकडे आले तेव्हा त्यांची डावी बाजू पूर्ण लुळी होती. आपण सगळे पेशंटला विचारायचो, चालायचंय ना? तू त्यांना विचारलं होतंस, आबा, तुम्हाला सगळ्यात आधी काय करायचंय? ते म्हणाले की पायजम्याची नाडी सुनेला बांधावी लागते, तेवढं थांबलं पाहिजे. त्या दिवसापासून तू त्यांना रोज नाडीची गाठ शिकवलीस. दोन्ही बाजूंच्या लोखंडी बारच्या आधाराने ते चालायलाही लागले. मग ती सकाळ आली. पहिल्यांदाच बारच्या बाहेर, तू त्यांच्या डाव्या बाजूला, त्यांच्या कमरेचा पट्टा तुझ्या मुठीत. त्यांना मुलाला चालून दाखवायचं होतं, त्यांनी घाई केली आणि गुडघा दुमडला. तू त्यांना सोडलं नाहीस, त्यांच्याबरोबर खाली आलीस. ते मी समोरून पाहिलंय. त्यांचा खुबा मोडला. त्यांचा मुलगा नवल व्हरांड्यात सगळ्यांसमोर तुला जे बोलला तेही मी ऐकलंय. दुसऱ्या दिवशी काका गाडी घेऊन आले आणि तू चप्पल बदलायचं विसरून, ओपीडीतल्याच स्लिपर घालून निघून गेलीस.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. आपल्या विभागाच्या सुनंदा मॅडमनी आम्हा सगळ्यांना बसवलं. म्हणाल्या, आबांना बारच्या बाहेर काढायला मी विधीला परवानगी दिली होती. सोबत दुसरा माणूस द्यायला हवा होता, तो मी दिला नाही. ही चूक फक्त तिची म्हणून कोणी बोलू नये. तेव्हापासून पहिल्यांदा बाहेर चालणाऱ्या पेशंटजवळ दोघं उभे राहतात. त्यात मीही असते. माझ्या हातात पट्टा आला की तळव्याला घाम सुटतो. मॅडम म्हणतात, सुटू दे, तो सुटायचा थांबला की मला सांग.

रिद्धीताईकडून मला एक गोष्ट कळली आहे, तीही आता लपवत नाही. तू दुकानात गल्ल्यावर बसतेस आणि घरी या विषयाचं नाव काढू देत नाहीस. पण शेजारच्या मोहनबाईंचा खांदा धरला तेव्हापासून दुपारी दुकानातून उठतेस आणि त्यांच्याकडे जाऊन त्यांचा हात भिंतीवर वर-वर सरकवून घेतेस. आता त्या स्वतःची वेणी घालतात म्हणे. ताई हे सांगताना हसत होती. मी हसले नाही. मला वाटलं, हिनं सोडलेलं नाहीये, फक्त आमच्यापासून लांब गेली आहे.

आणि आता हे पत्र का, ते. गेल्या मंगळवारी आबा परत ओपीडीत आले. खुब्याची जखम भरली आहे, वॉकर धरून उभे राहतात. नवल सोबत होता, मान खाली घालून. आबांनी आल्या आल्या विचारलं, ती पोर कोठे शे? मी म्हटलं, घरी गेली, आता येत नाही. त्यांनी कारण विचारलं आणि मी सांगितलं. त्यांनी वॉकर बारच्या दिशेनं वळवला. मग म्हणाले, मी पडनू, तशी ती बी पडनी. मी उठनू, ती नही उठनी. बारमध्ये ते चालले, पण बाहेर यायची वेळ आली तेव्हा मॅडमना म्हणाले, डाव्या बाजूला ती पोर उभी राहील तर येतो, नाहीतर इथंच बरा आहे. मॅडमनी समजावलं, मीही समजावलं. ते खुर्चीत बसून राहिले. नवलला म्हणाले, तिले सांग. नवल मला म्हणाला, ताई, मी कोणत्या तोंडानं सांगू, तुम्हीच लिहा. विधी, मॅडम कॉलेजमध्ये बोलल्या आहेत, येत्या एक तारखेला हजर झालीस तर उरलेली इंटर्नशिप पुरी करता येईल. मी तुला आग्रह करणार नाही. तुझ्या दुसऱ्या बाजूला मी उभी राहीन, एवढं मात्र नक्की. आबांनी तुला फक्त एकच विचारलंय, येशील का. येत्या मंगळवारी ते पुन्हा येतील आणि मला उत्तर मागतील. त्यांना काय सांगू, तेवढं कळव.

वाट पाहणारी, तुझीच,
दिपमाला